कुमुदकाडी

कुमुदताई मुद्रितशोधनासाठी लाल पेन वापरत नसत. हिरवं वापरत. लाल खूण पाहिली की माणूस चिडतो आणि चिडलेला माणूस चूक विसरतो, असं त्यांचं निरीक्षण होतं. "मला त्याचा राग नकोय," त्या म्हणत. "त्याला ती चूक आठवत राहिली पाहिजे." काम नसलं की ते पेन अंबाड्यात आडवं खोचलेलं असे. नवीन आलेली मुलं त्याला फॅशन समजत. त्यांचा पहिला मजकूर टेबलावरून परत आला की गैरसमज दूर होई.

सांगलीतल्या एका दैनिकाच्या कार्यालयात त्या मुद्रितशोधक होत्या. मी तिथेच वार्ताहर होते आणि अजून आहे. त्यांचं माहेर कवठे महांकाळ तालुक्यातलं. लग्न केलं नव्हतं. सांगलीत दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत, आणि सुट्टीला धाकट्या भावाच्या मळ्यात जात. कार्यालयात त्या सगळ्यांच्या ताई होत्या, भावाच्या घरी आक्का.

त्यांचा एक नियम होता, आणि तो सर्वांना तापदायक होता. सकाळच्या बैठकीत कोणी "काल पान तीनवर एक चूक झाली" असं म्हणालं की कुमुदताई मान वर करत.

"झाली नाही. केली. कोणी केली?"

"ताई, म्हणायची पद्धत आहे."

"पहाट होते. संध्याकाळ होते. चूक कोणीतरी करतं."

शिपाई बबन त्यांना घाबरत नसे, पण तोही शिकला होता. चहा देताना एकदा म्हणाला, "आज साखर जास्त झाली ताई." कुमुदताईंनी नुसतं पाहिलं. "केली," तो म्हणाला. "मीच केली. पिताय का दुसरा आणू?"

त्या विसरत नसत, हे मला एका प्रसंगानंतर कळलं. आमच्या एका ज्येष्ठ उपसंपादकाने त्यांची दुरुस्ती परस्पर काढून टाकली आणि चूक छापून आल्यावर बैठकीत त्यांच्याच नावावर टाकली. त्या आठवड्यात पालकमंत्र्यांचा दौरा होता आणि पहिलं पान त्याच गृहस्थांकडे होतं. रात्री कुमुदताईंकडे वाचायला आलेलं पान त्यांनी तसंच परत पाठवलं. कोपऱ्यात हिरव्या शाईने स्वच्छ लिहिलं होतं : "वाचलेले नाही." खाली सही. गृहस्थांनी सही पाहिली, शेरा पाहिला नाही. सकाळी सगळ्या जिल्ह्याने "बालकमंत्र्यांचे जंगी स्वागत" हा मथळा वाचला. चौकशी झाली तेव्हा कुमुदताईंनी ते पान पुढे ठेवलं. "मी लिहून दिलं होतं," त्या म्हणाल्या. "वाचणं हे फक्त माझंच काम आहे असं त्यांना वाटत असावं."

गृहस्थांची बदली झाली. कुमुदताईंनी निरोपसमारंभाला पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून ठेवला.

निवृत्तीनंतर त्या मधमाश्यांकडे वळल्या. भावाने, दिनकरअण्णांनी, मळ्यात डाळिंब लावलं होतं. झाडं फुलायची, फुलं गळायची, फळ धरायचं नाही. कोणीतरी सांगितलं की मधमाश्यांच्या पेट्या ठेवा. अण्णांना वेळ नव्हता. आक्का म्हणाल्या, मी ठेवते.

पेट्या साताऱ्याच्या डोंगराकडून आणल्या. त्यात आपली देशी माशी होती, जिला सातेरी म्हणतात. अण्णांनी ते नाव ऐकलं आणि मान हलवली.

"सातारी म्हंजे साताऱ्याची. ती हितं रमायची न्हाई आक्के. तिला तिकडची थंडी लागती."

"सातेरी. साताऱ्याशी काही संबंध नाही त्याचा."

"मग आणली कुठनं?"

"साताऱ्याहून."

"हां," अण्णा म्हणाले. "मी त्येच म्हणतुय."

वाचून शिकणं हीच कुमुदताईंना माहीत असलेली शिकण्याची पद्धत होती. त्यांनी मराठीत जे मिळालं ते आणलं. त्यात एक पुस्तक रंगीत, गुळगुळीत कागदाचं, सोप्या भाषेतलं होतं. सगळ्यांच्या शिफारशीचं. लेखक साताऱ्याचे. त्यांचं नाव इथे देत नाही. लोक त्यांना मधुसर म्हणत आणि तेही स्वतःला तसंच म्हणवून घेत. त्यांचे व्हिडिओ होते, प्रशिक्षणवर्ग होते, हजारो नवशिके त्यांच्या पुस्तकावरून पहिली पेटी ठेवत. कुमुदताईंनी ते पुस्तक दोनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या चुका फार नव्हत्या, हे त्यांना विशेष वाटलं. त्याच गोष्टीमुळे त्या फसल्या, असं त्या पुढे सांगत. "स्वच्छ छापलेलं खरं असतं असं मला आयुष्यभर वाटत आलं होतं. आणि छपाई स्वच्छ कोण करतं, हे मला माहीत होतं!"

उन्हाळा आला. मळ्याभोवती कुठे फूल राहिलं नाही. पुस्तकात लिहिलं होतं : "फुलोरा नसताना माश्यांना साखरेचा पाक द्यावा."

कुमुदताईंच्या रव्याच्या लाडवांना कार्यालयात मागणी असे. पाक म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. साखर बुडेल इतकं पाणी घालून त्यांनी तो उकळला, चमचाभर दूध टाकून मळी काढली, दोन बोटांत तार येते का ते पाहिलं, साखर परत धरू नये म्हणून लिंबू पिळलं. एकतारी, पारदर्शक, निर्दोष पाक झाला. वाट्या भरून पेट्यांमध्ये ठेवला.

पुढच्या खेपेला त्या गेल्या तेव्हा अण्णा बांधावर उभे होते.

"आक्के, तुझ्या माश्यांचं लाडू झाल्यात बघ."

ते हसत होते. पेटी उघडल्यावर थांबले. वाट्यांमधला पाक घट्ट झाला होता आणि त्यात माश्या रुतून मेल्या होत्या, पंख मिटलेल्या, एकीवर एक. ज्यांनी तो प्यायला होता त्यांना तो बाधला होता. पेट्यांच्या तोंडाशी, फळ्यांवर जुलाबाचे पिवळे डाग होते. उरलेल्या माश्या पेट्या सोडून निघून गेल्या होत्या. एकाही पेटीत राणी नव्हती. कुमुदताईंनी वाट्या स्वतः घासल्या. अण्णांच्या बायकोने हात पुढे केला, तिला करू दिलं नाही.

त्यांनी मधुसरांना फोन केला. हा संवाद मी त्यांच्या तोंडून अनेकदा ऐकला. त्यात कधी एक शब्द बदलला नाही.

"ताई, पाक म्हणजे सिरप हो. साखर साध्या पाण्यात विरघळवायची. उकळायची नाही."

"तुम्ही पाक लिहिलंय."

"सिरपला मराठीत पाकच म्हणतात."

"कोण म्हणतं? कुठल्या घरात?"

"वाचकाने थोडं समजून घ्यायला हवं. तुमचा गैरसमज झाला, त्याला मी काय करू? लाडू करायला तर मी सांगितलं नव्हतं ना?"

आणि ते हसले.

त्या हसण्यावर कदाचित गोष्ट थांबली असती. चूक मान्य करून पुढच्या आवृत्तीत शुद्धिपत्र घालतील, एवढीच कुमुदताईंची तेव्हा अपेक्षा होती. पण काही महिन्यांनी त्यांना कोणीतरी मधुसरांच्या वर्गाचा एक व्हिडिओ पाठवला. सर माइकवर सांगत होते : "सांगलीच्या एक ताई. हुशार, पेपरात नोकरी केलेल्या. त्यांनी माश्यांना चक्क लाडवाचा पाक वाढला! मी म्हटलं, ताई, वरून बेदाणा लावला का?" सभागृह हसत होतं. सर ते हसू ओसरू देत होते. सरावलेला माणूस जसं देतो तसं. म्हणजे हे त्यांनी आधीही सांगितलं होतं.

कुमुदताईंनी तो व्हिडिओ मला दाखवला. फोन बंद करून उपडा ठेवला.

"त्यानं मला किस्सा केलं," त्या म्हणाल्या. "माझ्या माश्या मारल्या, आणि वर मला किस्सा केलं. आता तो सगळ्यांसमोर म्हणेल, मी चूक केली. झाली नाही. केली. तोपर्यंत मी मरत नाही."

मी विचारलं, त्याने काय होणार?

"त्याच्या पुस्तकावरून अजून पेट्या ठेवल्या जातायत," त्या म्हणाल्या. मग, प्रामाणिकपणे : "आणि मला बरं वाटेल."

पहिलं काम त्यांनी स्वतः शिकण्याचं केलं. सूड घ्यायचा तर तपशील पक्का हवा. या वेळी त्यांनी पुस्तकांवर विश्वास ठेवला नाही, माणसांवरही नाही. मजकूर कोणताही असो, त्याला त्या तेच प्रश्न विचारत : माशी कुठली? गाव कुठलं? महिना कुठला? आणि सांगणाऱ्याने हे स्वतः केलंय का, की ऐकलंय? एक लोकप्रिय व्हिडिओ मराठीत होता, पण मागे मोहरीचं शेत पसरलेलं होतं. "हा पंजाब आहे," त्या म्हणाल्या, "आणि माशी परदेशी आहे. हिला जे चालतं ते माझीला चालणार नाही." एक जुनी, पिवळी पडलेली सरकारी पुस्तिका मिळाली. तिच्यातलं बहुतेक खरं होतं, पण ते कोणत्या ऋतूत करायचं ते लिहिलेलं नव्हतं. मधमाशीपालकांच्या फोनवरच्या गटात सल्ल्यांचा पूर असे. कुमुदताई तिथे फक्त एक वाक्य लिहीत : "आपण स्वतः केले आहे काय?" बहुतेक वेळा उत्तर येत नसे. गटाच्या प्रमुखाने त्यांना दोनदा काढलं आणि दोनदा परत घेतलं, कारण उत्तर आलं तर ते उपयोगाचं असे.

वाईच्या वरच्या अंगाला एक निवृत्त सुभेदार राहत. पेट्या ठेवून त्यांना बरीच वर्षं झाली होती. कुमुदताई मला घेऊन त्यांच्याकडे गेल्या. सुभेदारांनी खुर्च्या मांडल्या, पण स्वतः उभेच राहिले.

"फर्स्ट थिंग," ते म्हणाले. "साखर न् पानी. इक्वल. कोमट पान्यात हलवायचं, गार करायचं. गॅसवर ठेवायचं न्हाई. आन् वाटीत काड्या टाकायच्या, नायतर माशी बुडून मरती. काडीवर बसती, पिती, जाती. समजलं?"

"समजलं."

"सेकंड. अमावश्येला पेटी उघडायची न्हाई."

"का?"

"आवं का काय! ऑर्डर हाय ती."

"कोणाची?"

सुभेदार विचारात पडले. "आमच्या चुलत्यांची," ते म्हणाले.

कुमुदताईंनी नवीन पेट्या घेतल्या, आणि लागोपाठच्या अमावास्यांना त्या उघडून पाहिल्या. काही झालं नाही. त्यांचा निष्कर्ष त्यांनी मला बातमीच्या थाटात सांगितला : सुभेदार साखरपाण्याबाबत विश्वासार्ह, अमावास्येबाबत नाहीत. सुभेदारांनाही त्यांनी तसंच फोनवर कळवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "बाई लय तयारीची हाय. आमच्या पलटणीत पायजे हुती."

माश्या या वेळी टिकल्या. डाळिंबाला फळ धरलं. मग कुमुदताईंनी एक पुस्तिका लिहिली. नाव ठेवलं 'पहिली पेटी'. किंमत नव्हती, फोनवरून कोणालाही पाठवत. प्रत्येक परिच्छेदाच्या खाली ते कोणी केलं आहे, कुठे, कोणत्या महिन्यात, कोणत्या माशीवर, हे लिहिलेलं होतं. जिथे खात्री नव्हती तिथे "खात्री नाही" असं लिहिलेलं होतं. अशी वाक्यं बरीच होती. अण्णांनी ती चाळून विचारलं, "म्हायतच न्हाई तर ल्ह्यायचं कशाला?" आक्का म्हणाल्या, "म्हणूनच लिहायचं."

साखरपाण्याच्या पानावर एक शब्द होता. वाटीत ज्या काड्या टाकायच्या, त्यांना तिथे 'कुमुदकाडी' म्हटलेलं होतं. मला वाटलं, बाईंनी थोडी हौस केली. स्वभावाला धरून नव्हतं, पण वयाचा परिणाम असेल. मी तसं बोलून दाखवलं.

"हौस नाही," त्या म्हणाल्या. "तुला ते रेडिओवाले आठवत नाहीत?"

मला आठवलं. एक स्थानिक वाहिनी आमच्या बातम्या उचलून वाचत असे. तेव्हा आमच्या संपादकांनी संकेतस्थळावरच्या एका पुष्पप्रदर्शनाच्या बातमीत अस्तित्वात नसलेलं एक फूल घातलं. संध्याकाळी वाहिनीवर त्या फुलाचं कौतुक झालं. कुमुदताईंनी तेव्हा या गोष्टीला कडाडून विरोध केला होता. छापायचं ते खरंच असलं पाहिजे, मग हेतू काहीही असो, असं त्यांचं म्हणणं होतं. छापील अंकात त्यांनी ते फूल जाऊ दिलं नव्हतं.

आता त्यांनी स्वतः एक खोटा शब्द पेरला होता आणि त्या वाट पाहत होत्या. मधुसरांना पुस्तिका मिळेल अशी व्यवस्था त्यांनी केली होती. वेगवेगळ्या तिघांकडून.

दोन दिवाळ्या गेल्या. मधुसरांच्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात नवशिक्यांचं दिवसभराचं शिबिर होतं, त्यातच प्रकाशन. मी बातमीसाठी गेले होते. कुमुदताई पैसे भरून, नाव नोंदवून आल्या होत्या. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. सरांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. दाराशी कुमुदताईंनी नवं पुस्तक विकत घेतलं, उभ्याउभ्या एक पान उघडलं, मिटलं आणि पिशवीत ठेवलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

सर देखणे होते, आवाज चांगला होता, आणि त्यांना लोक आवडत हे दिसत होतं. सुरुवातीलाच त्यांनी सांगलीच्या ताई सांगितल्या. लाडू, बेदाणा. सभागृह हसलं. कुमुदताईसुद्धा हसल्या, मी पाहिलं.

दुपारच्या सत्रात आहाराचा विषय आला. पडद्यावर वाटीचं चित्र होतं.

"साखरपाणी द्यायचं," सर म्हणाले. "पाक नव्हे. आणि त्यात टाकायची कुमुदकाडी. हा शब्द ऐकलाय का कोणी? नसेल. कुमुद म्हणजे पांढरं कमळ, पाण्यावर तरंगणारं. तशी तरंगती काडी ती कुमुदकाडी. आपल्या डोंगरातल्या जुन्या माणसांचा शब्द आहे हा. माझे आजोबा वापरायचे. असे शब्द आपण जपले पाहिजेत."

लोकांनी तो शब्द वह्यांत उतरवला.

कुमुदताई उठल्या. प्रश्नोत्तरांना अजून वेळ होता, पण बाई वयस्कर होत्या. सरांनी हसून हात केला.

"हा शब्द तुम्ही स्वतः ऐकलाय, सर?"

"लहानपणापासून."

"आजोबांच्या तोंडून?"

"हो ताई. त्यांच्या मांडीवर बसून."

"माझं नाव कुमुद," त्या म्हणाल्या. "हा शब्द मी सांगलीला माझ्या घरी बसून केला. दोन दिवाळ्यांपूर्वी. ही पुस्तिका. तुमच्या नव्या पुस्तकातलं आहाराचं अख्खं प्रकरण यातलं आहे. मी जिथे 'खात्री नाही' लिहिलं होतं, तेवढं तुम्ही काढलंत."

मग मागच्या रांगेतून एका फेटेवाल्या गृहस्थांचा आवाज आला : "आवं सर, आजोबा किती वर्साचं हायत तुमचं?"

सभागृह हसलं. सकाळपेक्षा मोठ्याने. सरांनी ते ओसरू द्यायचा प्रयत्न केला, ते ओसरेना.

"आणि लाडवाचा पाक घालणारी सांगलीची बाईही मीच," कुमुदताई म्हणाल्या. "तुमच्या पहिल्या आवृत्तीत पाक लिहिलं होतं. या आवृत्तीत गुपचूप साखरपाणी केलंत. जुनं पुस्तक ज्यांच्या घरात आहे त्यांना कोण सांगणार?"

"ताई, तो एक शब्दाचा गैरसमज..."

मधल्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. लोणंदकडच्या होत्या. पदर सावरून, सरांकडे न बघता बोलल्या. "आमीबी पाकच घातला हुता. गुळाचा. घरचा गूळ हुता म्हनून." मग : "समद्या मेल्या. मालक म्हनलं, तुला जमायचं न्हाई. मला वाटलं, माझंच चुकलं."

आता कोणी हसलं नाही. सरांनी पाण्याची बाटली उघडली, प्यायले, झाकण लावलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "माझ्या पुस्तकात चूक झाली."

कुमुदताई उभ्याच होत्या.

"झाली नाही."

"काय?"

"चूक झाली नाही, सर."

सरांना कळेना. त्यांनी संयोजकांकडे पाहिलं. संयोजक वायरी बघत होते. किती तरी फोन वर झाले होते, चित्रण चालू होतं. सर माइकपासून जरा मागे सरले, तरी आवाज आला.

"मी चूक केली."

"पुढचा प्रश्न घ्या," कुमुदताई म्हणाल्या, आणि बसल्या.

मी बातमी पाठवली. जागा नव्हती, चार ओळी आल्या. मथळा होता : 'मधमाशीपालन शिबिर उत्साहात'. सकाळी कुमुदताईंचा फोन आला. "उत्साहात?" एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला.

पण चित्रण फिरलं. सातारा, सांगली, कोल्हापूर, सीमेपलीकडे अथणीपर्यंत. लोक आजोबांवरून विनोद करत. सरांच्या वर्गांची गर्दी कमी झाली. त्यांनी जुन्या आवृत्तीसाठी शुद्धिपत्र काढलं, 'पाक'च्या जागी 'साखरपाणी' वाचावे असं. लोणंदच्या बाईंना कुमुदताईंनी अण्णांच्या मळ्यातली एक भरलेली पेटी दिली. त्यांच्या मालकांना फोन करून काय सांगितलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

शिबिराचा तो व्हिडिओ कुमुदताईंच्या फोनमध्ये होता. सोमवारी सकाळच्या चहाबरोबर त्या तो बघत. न चुकता. एकदा मी समोर असताना लावला. "मी चूक केली" आलं, त्यांनी थांबवलं, थोडा मागे नेला, परत लावला.

"झालं का समाधान?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बघ ना. 'केली' म्हणताना तो माझ्याकडे बघत नाहीये."

गेल्या पावसाळ्यात कुमुदताई गेल्या. मिरजेत दवाखान्यात होत्या, थोडेच दिवस. मधुसरांनी गटावर लिहिलं की कुमुदताईंच्या निधनाने मधमाशीपालन क्षेत्राची अपरिमित हानी झाली आहे. ते वाचताना त्यातला 'अपरिमित' आपोआप हिरव्या शाईने खोडलेला दिसला.

त्याआधीच्या उन्हाळ्यात मी त्यांना शेवटचं पाहिलं, अण्णांच्या मळ्यात. तालुक्यातून काही बायका शिकायला आल्या होत्या. डाळिंबाच्या ओळींमध्ये पेट्या, वर गोणपाटाची सावली. कुमुदताई खुर्चीवर बसून साखरपाणी ढवळत होत्या. थकलेल्या दिसत होत्या, पण ढवळणं एका लयीत चाललं होतं. एक तरुण बाई वाट्या भरून पेट्यांत ठेवत होती. ती पहिल्यांदाच आली होती. सभागृहातलं तिला काही माहीत नव्हतं.

"आज्जी, कुमुदकाड्या संपल्या की," ती म्हणाली. "अजून मोडू का?"

अण्णा बांधावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"हे नाव कुणी सांगितलं तुला?" कुमुदताईंनी विचारलं.

"आवं, समदी हेच म्हनत्यात. जुना शब्द हाय म्हनं. डोंगरातला."

हा शब्द खोटा होता. कुठल्याही डोंगरात, कुठल्याही आजोबांनी तो म्हटलेला नव्हता. एका बाईने घरी बसून, रागाने, एका माणसासाठी तो केला होता. आणि ती बाई चाळीस मैलांवरची चुकलेली वेलांटी पाहून अस्वस्थ होणारी होती.

"दुरुस्त नाही करणार?" मी हळूच म्हटलं.

कुमुदताईंनी ढवळणं थांबवलं नाही.

"राहू दे. आज ना उद्या कोणीतरी विचारील, हा शब्द कुठनं आला. मग कोणीतरी सांगेल." त्यांनी पळी पातेल्याच्या काठावर आपटली. "तेव्हा त्या मधुसराचं नाव निघेलच. मी असो, नसो."

मग त्या बाईकडे वळून म्हणाल्या, "मोड. बारीक मोड. माशीला नीट बसता आलं पाहिजे."

बाईने काड्या मोडल्या, वाटीत टाकल्या. एक माशी उतरली, काडीवर बसली, पिऊ लागली. कुमुदताई वाकून तिच्याकडे पाहत होत्या. अंबाड्यात हिरवं पेन होतं. ते त्यांनी काढलं नाही.